गिअर टाकलेली गाडी

पासष्टच्या युद्धात माझं पोस्टिंग पिंपरीजवळच्या एका लष्करी वर्कशॉपमध्ये होतं. सरहद्द लांब, पण जखमी जवान रेल्वेने आमच्याकडे येत. स्टेशनवरून त्यांना हॉस्पिटलला न्यायला खडखडणाऱ्या ट्रकांपेक्षा बरं वाहन एकच होतं: कुणा संस्थानिकाने दिलेली जुनी अमेरिकन मोटार, ॲम्ब्युलन्स केलेली. ती ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, गिअर आपोआप बदलायचे. ऐन गरजेच्या वेळी ते बदलेनात. इंजिन गुरगुरायचं, गाडी जागची हलायची नाही.

आम्ही सगळ्यांनी हात टेकले. गाडीवर एका कंपनीचं नाव, इंजिन दुसरीचं. मग गिअरबॉक्स कुठला, हे कोण सांगणार? माझा जोडीदार नाईक युसूफ शेख, खेडचा. तो गाडीखाली सरपटला, गिअरबॉक्सचं तेलाचं पॅन डिझेलने पुसलं, त्याचा आकार पुठ्ठ्यावर उतरवला आणि मॅन्युअलमधल्या चित्रांशी जुळवत बसला. बॉक्स तिसऱ्याच कंपनीचा निघाला. मी म्हणालो, एवढी चिकित्सा करून तर लोक मुलगीही बघत नाहीत. तो हसला आणि कामाला लागला. जळालेल्या प्लेटांना नवं लायनिंग लावलं, रिंगा बदलल्या, लाल तेल भरलं. गाडी चालली.

खालचा एक स्क्रू जरा आवळायचा राहिला होता. गाडीखाली काम करायच्या पिटवर ट्रक उभे होते, म्हणून गाडी शेडबाहेरच्या उतारावर घेतली. हँडब्रेकची केबल तुटलेली. युसूफने लिव्हर 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर ठेवली. त्यानेच गाडी जखडली जाते, हे ड्रायव्हर पवारला सांगितलं, चाकाला वीट लावली आणि खाली गेला. मी स्पॅनर आणायला शेडमध्ये गेलो.

सुभेदारसाहेब राउंडवर आले. कडक माणूस, पण जवानांना पोटच्या पोरांसारखं जपणारा. आमची स्टँडिंग ऑर्डर होती, उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची. ट्रकला ती बरोबरच होती. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद असलं की गिअर टाकूनही चाकं मोकळीच राहतात, हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी खिडकीतून लिव्हर पाहिली.

"माणूस खाली हाय आन् गाडी गिअरात न्हाई?"

"साहेब, युसूफभाई म्हणाला..."

"गिअर टाक."

पवारने लिव्हर 'पी'वरून ओढली. हुकूम होता. गाडी विटेवरून पुढे गेली. मी तेव्हा शेडच्या दारात पोहोचलो होतो. युसूफ ओरडलासुद्धा नाही.

संध्याकाळी आम्ही त्याला खेडला नेलं. वडील ट्रकमिस्त्री. त्यांनी सुभेदारसाहेबांना एवढंच विचारलं, "साहेब, गाडी गेरात न्हवती का?"

साहेब सावधान उभे होते. "व्हती, चाचा."

गिअरात असलेली गाडी हलली कशी, हे म्हाताऱ्याला कळेना. समजावून सांगायची हिंमत आमच्यातल्या एकाचीही झाली नाही.

चौकशीत कुणाचा दोष निघाला नाही. गाडी पुढे जखमींना नेत राहिली, गिअर लोण्यासारखे बदलत. युनिटमध्ये दरवर्षी युद्धात पडलेल्यांची नावं वाचायचे. युसूफचं त्यात कधीच आलं नाही, कारण तो युद्धात पडला नव्हता. शेवटचं नाव वाचून झालं की मी त्याचं नाव मनात घ्यायचो. तोवर बिगुल सुरू झालेला असायचा.