फ्रिजवरची शपथ

कागदावर सही घेऊन तुम्ही कधी कुणाची दारू सोडवली आहे का? मी तसा प्रयत्न केला. वडिलांची दारूबंदीची पत्रकं वाटत मी लहानाची मोठी झाले, आणि आता बर्लिनमध्ये अमेरिकेतल्या जुन्या सुधारकांच्या पत्रकांवर पीएचडी करते आहे. ते लोकांकडून दारू सोडण्याच्या शपथेवर सह्या घ्यायचे. त्याच्याही आधी तिथे काही गावांत दारुड्यांना कुणी दारू देऊ नये म्हणून त्यांच्या नावांची यादी गुत्त्यात लावली जायची.

आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही चार विद्यार्थी होतो. त्यातला सोलापूरचा मित्र सकाळपासूनच प्यायला लागला होता. मी शपथ लिहून त्याच्यापुढे ठेवली. "द्या प्रचारकबाई, पेन द्या," म्हणत त्याने हसत सही केली. तो कागद मी स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला.

नवव्या दिवशी त्याच्या तोंडाला वास आला. मी सगळ्यांसमोर त्याच्या सहीवर लाल रेघ मारली. तो एवढंच म्हणाला, "अगं, आठ दिवस राहिलो ना मी. तेही लिही की."

मी लिहिलं नाही. तो स्वयंपाकघरात येईनासा झाला आणि महिनाअखेरीला खोली सोडून गेला. आता फोन उचलत नाही. विद्यापीठात चौकशी केली, तर 'डाटेनशुट्झ' म्हणत त्यांनी खासगी माहिती द्यायला नकार दिला. कागद माझ्या टेबलावर पडून आहे आणि मला काहीच करता येत नाही.

तुमच्या जवळचं कुणी पीत असेल, तर आजच त्याला फोन करा. किती दिवस न पिता काढले, ते आधी विचारा.