साडूंची हलकी बॅटरी

आभाळ भरून आलं की चेहरा पडणारा साऱ्या मराठवाड्यात एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. सगळा गाव हात जोडून पाऊस मागत असतो तेव्हा हे गृहस्थ घरभर खिडक्या लावत फिरतात. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ते लिथियम आणि गंधकाची बॅटरी करतात, आणि लिथियमचं अन् ओलाव्याचं साप-मुंगसाचं वैर. बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या येतात ना, त्या यांच्या घरात कुठंही सापडतात. खिशात, जेवणाच्या डब्यात, एकदा तर देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी. "देवालाबी ओल लागती," म्हणाले. मेव्हणीनं पुडी उचलून फेकली. नवऱ्याला फेकता येत नाही म्हणून तो राहिला.

अंगाला वास तर असा की पंगतीत शेजारचा पाहुणा आधी वाढप्याकडे संशयानं बघतो. उघडलेल्या सेलला दमट हवा लागली की सडक्या अंड्यांचा वास सुटतो, आणि तो यांच्या शर्टात कायमचा राहायला आला आहे.

पण त्यांचा खरा जीव गुंतलाय तो सेलमधल्या द्रवात. इलेक्ट्रोलाइट म्हणतात त्याला. मला त्यांनी तो चहात बिस्कीट बुडवून समजावला. "हे बिस्कीट म्हणजी गंधक, अन् चहा माझा द्रव. बिस्कीट भिजलं पाहिजे, पण विरघळलं नाय पाहिजे. विरघळलं की गंधक निघालं पलीकडं हिंडायला, अन् बॅटरी मेली." सांगण्याच्या नादात बिस्कीट तळाशी गेलं आणि साडू स्वप्नात असल्यासारखे कपात बघत बसले. एकदा गुलमंडीत बायकोसाठी साडी बघताना त्यांनी पदरावर पाण्याचा थेंब सोडला आणि डोळे बारीक करून तो न्याहाळू लागले. दुकानदार म्हणाला, "साब, साडी लेनेकू आये के धोनेकू?" यांनी तंद्रीतच उत्तर दिलं, "थांबा जरा, पसरतोय."

ही तंद्री कुणासाठी, ते मला उशिरा कळलं. गावी, पिशोरला, त्यांचे थोरले भाऊ कपाशीवर फवारणी करायचे. पाठीवर औषधानं भरलेला पंप आणि त्यात शिशाची जड बॅटरी. त्याच पाठीवर साडूंचं सगळं शिक्षण झालेलं. "दादा, औंदा नाय, पण पुढच्या कपाशीला हलकी बॅटरी देतो," हे वचन दरवर्षी दिलं जायचं. दरवर्षी द्रव बदलायचा आणि सेल थोड्याच दिवसांत मान टाकायचा.

गेल्या हिवाळ्यात मात्र एक द्रव जमला. सेल मरेचना. रुपयाएवढा तो सेल रुमालात गुंडाळून साडू मला घेऊन पिशोरला निघाले. वाटेत ते सारखे बाहेर बघत होते. प्रत्येक शेतात त्यांना ताठ पाठीची माणसं दिसत असावीत.

दादांनी सेल तळहातावर तोलला. "लई हलकं हाय रं. माझा पंप चालंल यावर?"

"एवढ्यावर नाय, दादा. मोठी बॅटरी करायला अजून काही वर्षं जातील."

"जाऊ दे की. म्या तर पंप सोडला आता. डाक्टर म्हणला, मणका सरकला."

साडूंनी सेल परत रुमालात गुंडाळला. दादा चहाचं सांगायला घराकडे वळले. पाठीवर काहीच नव्हतं, तरी ते वाकूनच चालत होते. ते बघून माझा हा वेडा साडू मला तेव्हा फार फार जवळचा वाटला. तो झपाझप पुढे गेला, दादांच्या पाठीवर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.