नायलॉनच्या निवारीचा ताव

गांधीबागेमागच्या गल्लीत शालिकरामचं होल्डॉल आणि पट्टे शिवायचं दुकान होतं. बावीस वर्षं त्याने सुती निवार, म्हणजे जाड विणलेली पट्टी, साध्या कात्रीने कापली आणि त्याच्या हाताला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. पण ऐंशी सालानंतर जिकडेतिकडे नायलॉन शिरलं आणि कात्रीने हात टेकले. कापल्याबरोबर कडेचे धागे सुटू लागत. नायलॉन तापल्या पात्यानेच कापायचं, म्हणजे कड वितळून बंद होते, एवढं त्याने विचारून घेतलं. कारण धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्याने त्याच्याकडे कमरेचे पट्टे मागितले होते. शनिवारपर्यंत बारा पट्टे पसंत पडले तर काम कायमचं त्याचं, नाहीतर माल मुंबईहून येणार. होल्डॉलची गिऱ्हाइकं आटत चालली होती. हे काम गेलं तर दुकानाला कुलूपच लागलं असतं.

शालिकरामने सोल्डरिंगच्या विजेच्या सळईला पितळी पातं बसवलं आणि मधे पंख्याचा जुना रेग्युलेटर जोडला. दोन नंबरवर पातं निवारीत अडके, चारवर कड काळी पडून खड्यासारखी टणक होई. जळक्या वासात दोन दिवस काढल्यावर एका सकाळी त्याला नेमका ताव सापडला. तीन नंबर, आणि चार मोजेपर्यंत पातं दाबायचं. त्याने ते भिंतीवर खडूने लिहूनही ठेवलं. दुपारी तेच केलं तर धागे सुटले. म्हणून चारवर नेलं, तर दुसऱ्या सकाळी चारवर निवारीचा कोळसा झाला. नमुने घेऊन धंतोलीला गेला, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर चारुशीलाने एक कड स्वतःच्या मनगटावर ओढली, उठलेली लाल रेघ त्याला दाखवली आणि नमुने परत दिले.

आपलं काही चुकत असेल हे शालिकरामच्या स्वभावातच बसत नव्हतं. मंगळवारी तो तणतणत इतवारीत मनोहररावांकडे गेला. दुकान उघडल्यापासून तो निवार त्यांच्याकडूनच घेत होता.

"मनोहरराव, या गठ्ठ्यात दोन जातींचा माल हाय. सकाळी एक निंघते, दुपारी दुसरीच. मिलवाल्यानं फसवलं तुमाले."

"मिलचा कागद तं एकच माल म्हणते, गा."

"कागदाले काय समजते? माया हाताले समजते."

मनोहररावांनी मिलचा कागद घडी करून गल्ल्यात टाकला.

गुरुवारी भर दुपारी शालिकराम पुन्हा बसला. दुपारचा म्हणून चार नंबर लावला, आणि कड क्षणात काळी पडली. त्याने पट्टा भिंतीवर फेकला. मशीनवर शिवत बसलेली त्याची बायको सुभद्रा वर बघत म्हणाली, "अहो, बलब पहा न. रोज दुपारी पिवळा पडून राहते, आज कसा लखलखून राहिला."

"मंग? त्याचं काय वं?"

"आज नळ नाई आले. गल्लीतले सारे कूलर पाण्याबिगर बंद हायेत."

शालिकराम त्या दिव्याकडे बघतच राहिला. वैशाखातल्या दुपारी गल्लीतले तीसेक कूलर वीज ओढून घेत आणि पातं अर्धवटच तापे. निवार बिचारी सकाळ-दुपार एकच होती. चार दिवस वाया गेले होते. त्याला स्वतःचा असा संताप आला की त्या दिवशी तो धड जेवलाही नाही.

शुक्रवारी पहाटे, कूलर सुरू व्हायच्या आत, त्याने तीन नंबरवर पाच पट्टे कापले. मनगटावर कड फिरवली तर टोचत नव्हती. पण बाकीची निवार आधीच्या प्रयोगांत जळून गेली होती. सात पट्टे राहिले होते. दुकानं उघडताच तो इतवारीत हजर झाला.

मनोहररावांच्या मागची फळी रिकामी होती.

"माल सारा वापस धाडला," ते म्हणाले. "बुधवारीच. तूच म्हणाला न खोटा हाय म्हणून?"

"सारा धाडला?"

"मिलवाला फोनवर लय भांडला. मी म्हटलं, बावीस वर्षांत शालिकरामचा हात कधी चुकला नाई. तू कागद दाखवू नको मले."

त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि दोन चहा सांगितले. आता कूलरचं कोणत्या तोंडाने सांगावं, ते शालिकरामला कळेना.