राजीनाम्याच्या चपला

माझ्या मावशीच्या मालकांइतका नामांकित राजीनामेबहाद्दर कन्नडपासून पैठणपर्यंत शोधलात तरी सापडायचा नाही. नात्यानं ते माझे काका. आमच्या पिशोरात माणसं कमी आणि मंडळं जास्त. दोन माणसं चहाला बसली की मंडळ होतं आणि तिसरा आला की त्यात फूट पडते. या झाडून सगळ्या मंडळांत काका होते, आणि वर्षातून एकदा तरी प्रत्येकातून बाहेर पडत होते. भजनी मंडळातून टाळ आधी दुसऱ्याच्या हातात दिला म्हणून. गणेश मंडळातून आरतीचं तबक त्यांच्यापुढं उशिरा आलं म्हणून. क्रिकेट क्लबचे तर ते आजीव सल्लागार. जन्मात बॅट धरली नाही, पण पंचानं सल्ला ऐकला नाही म्हणून भर अंतिम सामन्यात खेळपट्टीवर जाऊन राजीनामा दिला.

कागदावर राजीनामा देणं त्यांना मंजूर नव्हतं. "कागद काय, कुणीबी फाडतंय," म्हणायचे. ते उठायचे, धोतराचा सोगा झटकायचे, "राजीनामा!" एवढंच गरजायचे आणि चपला तिथंच सोडून अनवाणी घरी जायचे. चपला शहरातल्या औरंगपुऱ्याच्या बाजारातून आणलेल्या, इतक्या करकरणाऱ्या की काका वेशीत असतानाच पारावरची कुत्री उठून बसत. मालकाविना पडलेल्या त्या चपला दिसल्या की मंडळाचं काम ठप्प. दुसऱ्या दिवशी चपला हातात घेऊन अध्यक्ष पुढं, चार सभासद मागं, अशी वरात भर बाजारातून काकांच्या दारी. काका भिंतीकडं तोंड करून बसलेले.

"काका, तुमच्याबिगर मंडळ म्हंजे बिनमिठाची भाजी."

"मग खा की बिनमिठाची!"

"चुकलं आमचं."

"कुणाचं?"

"समद्यांचं, काका."

चहाच्या तिसऱ्या कपाला काका उजवा पाय हळूच चपलेत सारायचे. गाव म्हणायचं, म्हातारा लई मानाचा भुकेला. एकदा चहा गाळता गाळता मावशीच मला हळू आवाजात म्हणाली, "पोरं गेली शहरात. रुसल्याबिगर कोण येतंय बाबा आमच्या दारी?"

गेल्या वर्षी ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या शेडचं उद्घाटन झालं. गावातल्या प्रत्येक शुभकार्याचा नारळ काकांनी फोडलेला, आणि असा, की पहिल्या रांगेची अंघोळ व्हावी. नव्या अध्यक्षानं तो मान ठेकेदाराला दिला. ठेकेदारानं आपटून आपटून पायरीचा टवका काढला, नारळ शाबूत. काका उठले. "राजीनामा!"

नवा अध्यक्ष कामाचा माणूस. त्यानं चपला पायानंच शेडच्या कडेला सारल्या आणि मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं, "काकांचा राजीनामा मंजूर." खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांनी मावशीचा चहा जन्मभर ढोसला, त्यांचे अंगठे सगळ्यांत आधी. "आता कुठं घरोघर हिंडायचं? जमाना बदलला," म्हणे. बदलला खरा. पूर्वी अंगठा उठवायला माणसाला निदान शाईत बोट तरी बुडवावं लागे.

मावशीनं दुसऱ्या दिवशी चहाचं आधण ठेवलं. तिसऱ्या दिवशीही ठेवलं. पुढं काका बाजारात तापल्या डांबरावरून अनवाणी चालताना दिसू लागले. "डॉक्टरनं सांगितलंय," असं न विचारता सांगायचे.

शेवटी मीच चपला उचलल्या आणि त्यांच्या दारी गेलो.

"कुणी धाडलं?" काकांनी भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

"मंडळानं."

"व्हय? मग बाकीचे कुठंयत?"

थापा मारण्यात पंचक्रोशीत माझा हात कुणी धरत नाही. पण त्या वेळी मी नुसत्या चपला पुढं केल्या. काकांनी वळून चपलांकडं बघितलं, उलट्यासुलट्या करून बघितल्या.

"ह्या माझ्या नायत. माझ्या आणायला पाच माणसं येतेत. जिथनं उचलल्या तिथं ठेव." मी वळलो तसे म्हणाले, "चहा घेऊन जा."

मी ठेवल्या. शेडमध्ये आता कुणी बसत नाही. सगळे ज्येष्ठ ग्रुपवर बसतात. जाता-येता मी चपलांवरची धूळ झटकतो. कातडं वाळून सुरकुतलंय, करकर केव्हाच गेली.

परवा काकांच्या दारावरून गेलो. काका तसेच, भिंतीकडं तोंड करून बसलेले. फक्त भिंतीवर आता त्यांनी एक आरसा टांगून घेतलाय. त्यात दार दिसतं.