दाजींची राहून गेलेली माफी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कनेरगाव नाक्यावर चहा पीत होतो. चहा संपवूनच उठलो. सख्ख्या बहिणीचा नवरा गेला होता, रडू यायला हवं होतं… आला तो संताप.

श्रद्धांजलीत सगळ्यांनी त्यांच्या जुन्या तपासांचे गोडवे गायले. ते खोटं नाही. गुन्हे शाखेत असताना त्यांनी भल्याभल्यांना पकडलं. पण नोकरी सोडून जिल्हा परिषदेत निवडून आले, तरी अंगातला फौजदार उतरला नाही. बैठकीत ग्रामसेवकाची उलटतपासणी काय, एकाच्या कानशिलात काय! तक्रारी झाल्या, दाबल्या गेल्या. लोक कौतुकानं म्हणत, "साहेब लई कडक." कडक म्हणे! गरिबाशीच कडक.

गोरेगावच्या शाळेतला खिचडीचा तांदूळ चोरीला गेला, तेव्हा दाजींनी भर सभेत स्वयंपाकीण शेवंताला उभं केलं. एवढ्या पुरुषांपुढे तिनं पदर ओढून मान खाली घातली. आमच्याकडच्या सुना घालतातच. दाजी गरजले, "चोराची नजर मी बराबर वळखतो." झालं! तिचं काम गेलं, नाव गेलं. पुढे तांदूळ निघाला दाजींच्याच कार्यकर्त्याच्या गोदामात. दाजींना ते कळलं होतं. मी म्हणालो, "सभेत एकदा सांगून टाका." "इलेक्शन होऊ द्या," म्हणाले. ती निवडणूक झाली, दुसरी आली…

दहाव्याला कयाधू नदीकाठी पिंडाला कावळा शिवेना. कार्यकर्ते पुढे होऊन हात जोडू लागले. "साहेब, तुमचं स्मारक बांधू." "साहेब, तिकीट तुमच्याच घरात राहील." कावळा ढिम्म. शेवटी ताई उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "शेवंतानं चोरी केली न्हवती. तुमाला माहीत व्हतं, तरी तुमी बोलले न्हाई." कावळा शिवला की नाही, मी पाहिलं नाही. मंडळी घाईघाईनं गाड्यांकडे निघाली होती.

मी तिथून तडक शेवंताकडे गेलो. ती दारात ज्वारी पाखडत होती. झालेलं सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, निदान हात तरी जोडेल.

तिनं सूपही खाली ठेवलं नाही. "मामा, मला काहून सांगून राहिले? माझ्या सासूला सांगा ना. चोरटीच्या हातचं खात न्हाई म्हनून येगळी चूल मांडली तिनं. मागल्या साली त्याच चुलीपाशी मेली."