अंगणातलं तैवान

टँकरचा हॉर्न ऐकला आणि उडालेल्या फुफाट्याचा वास आला, की मला तैवान आठवतं.

तेव्हा मी चकलांब्याची नवी सून आणि भाषाशास्त्राच्या एम.ए.ची परीक्षा तोंडावर आलेली. दुष्काळात अंगणाला सडा कुठला! त्याच धुळीत बोटानं ऑस्ट्रोनेशियन भाषांचं झाड काढत बसले होते. सासूबाईंनी वाकून पाहिलं. "ही कुणाची वंशावळ हाय गं?"

"भाषांची, आत्याबाई. बहुतेक शाखा तैवान बेटावरच राहिल्या. एकच शाखा होडीत बसली अन् मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत पसरली."

"लई फिरली की! येताना पानी आनलं का तिनं?"

इतक्यात टँकर आला. हंडे घेऊन बाया आमच्या अंगणातूनच धावल्या. मी विदुषी मात्र हात पसरून "तैवान तुडवू नका!" म्हणून ओरडत राहिले. तैवान गेलं, पाणीही संपलं. आत्याबाईंनी रिकामा हंडा माझ्यापुढं आपटला. "आता तुज्या बेटावरनं आन!"

परीक्षेत तो प्रश्न आलाच नाही. पुढं सोसायटी झाली, सहकारी साखर कारखाना झाला, उसाला पाणी मिळालं. होडीत बसलेल्या भाषेनं अर्धी पृथ्वी गाठली, आमच्या गल्लीत नळ काही पोचला नाही. चिडून अजून लिहिलं असतं, पण हॉर्न वाजतोय. आधी हंडा रांगेत लावून येते.