मम्मीच्या शेजारी बसलेली मी

भुतं, चमत्कार, दृष्टान्त... मी यातलं कधीच काही मानलं नाही. खरं तर देव मानणंही सोडलं होतं, म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही बुऱ्हाणपूरचे. घर ख्रिस्ती, त्यामुळे लहानपणी दर रविवारी चर्च ठरलेलं. नोकरीसाठी इंदूरला गेले आणि ते सुटलं. माझ्या वयाच्या बहुतेकांचं सुटलं – बाकांवर आता म्हातारी माणसंच जास्त.

मागच्या वर्षी पप्पा गेले. दफनविधी आटोपून मी इंदूरला परतले. शनिवारी मम्मीचा फोन आला, "चर्चला एकटीला जाववत नाही गं. येशील?"

"मला आता ते पटत नाही, मम्मी. नुसतं दाखवायला कशाला येऊ?"

"बरं," म्हणाली.

रविवारी सकाळी मी फ्लॅटवरच होते. रूममेटसोबत पोहे केले, कपडे धुतले. दुपारी परत मम्मीचा फोन – आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा.

"न जेवता कशी गेली गं? वरण-बट्टी केली होती मी."

"कुठून गेले?"

"चर्चमधून. पूरा टाइम माझा हात धरून बसली होती ना."

पप्पांच्या जाण्यानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच वाटलं. मिळेल ती बस धरली. बुऱ्हाणपूरला उतरले तर रिक्षा स्टँडजवळ आमच्या पास्टरांच्या पत्नी भेटल्या, विमलआंटी. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "बेटा, सकाळी आली ते बरं केलं. मम्मीला बहुत आधार झाला. अन् मोरपंखी कुर्ता छान दिसत होता तुला."

तो कुर्ता मी आदल्या संध्याकाळी घेतला होता... टॅगसकट इंदूरच्या कपाटात पडून होता. मम्मीला तर त्याबद्दल बोललेही नव्हते.

घरी गेल्यावर मम्मीला खरं सांगितलं – मी आलेच नव्हते. ती घाबरली नाही. वरण गरम करता करता एवढंच म्हणाली, "मग जी आली होती, तिला तरी जेवायला थांबवायला पाहिजे होतं."

दोघींना भास झाला म्हणावं, तर कुर्त्याचं काय? मला आजही सांगता येत नाही. श्रद्धा परत आली असंही नाही; प्रार्थनेच्या वेळी माझे डोळे उघडेच असतात. पण महिन्यातून एकदा जाते. मम्मी सरकून मला जागा करून देते. पलीकडच्या बाजूलाही थोडी सोडते.

का, ते मी विचारलेलं नाही.